खानदेशात नव्याने आलात? कुत्रं चावलं, ओरबाडलं तर काय करायचं

ज्यांना आत्ताच कुत्रं, मांजर किंवा माकड चावलं आहे त्यांनी पुढचं नंतर वाचावं. आधी जखम नळाखाली धरा, अंगाचा किंवा कपड्याचा जो हाताशी असेल तो साबण लावा, घड्याळ बघून १५ मिनिटं धुवा आणि तसेच सरकारी दवाखान्यात जा.

बाकीच्यांनी सावकाश वाचा. बदली होऊन धडगाव-अक्कलकुव्याकडे आलेले शिक्षक आणि आरोग्यसेविका, जळगावला विद्यापीठात शिकायला आलेली मुलं-मुली, केळीच्या कामासाठी रावेर-यावलला उतरलेले मजूर, तोरणमाळ, पाटणादेवी किंवा अजिंठा बघायला आलेले पाहुणे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. इथल्या कुत्र्यांची ओळख नाही, जवळचा दवाखाना माहीत नाही आणि विचारायला घरचं कुणी नाही, अशा वेळी माणूस गोंधळतो. गोंधळात दिवस जातात, आणि रेबीजच्या बाबतीत दिवस घालवणं परवडत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दोन गोष्टींची. लचका तोडलेला चावा पाहून कुणीही दवाखान्यात धावतं. पण नखाचा ओरखडा, दात नुसता लागून गेलेली जागा, चिरलेल्या बोटावरून फिरलेली पिल्लाची जीभ, याकडे 'काही व्हत नही, भाऊ' म्हणून दुर्लक्ष होतं. आणि जे दवाखान्यात जातात त्यातले कितीतरी जण दंडात लस घेऊन परततात, जखमेत द्यायच्या सीरमबद्दल (विषाणूला जखमेतच अडवणारं वेगळं इंजेक्शन) विचारतही नाहीत. हा लेख मुख्यतः या दोन गोष्टींसाठी आहे.

आजार होतो कसा

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चावा, रक्त आलेला ओरखडा, किंवा डोळे, तोंड, उघडी जखम यांना लागलेली लाळ यातून तो आत शिरतो. तो रक्तातून पसरत नाही, मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याचा हा प्रवास बहुतेक वेळा १ ते ३ महिन्यांचा असतो. कधी आठवड्याचा, तर क्वचित वर्षाहून जास्त. चेहरा, डोकं, मान, हाताची बोटं इथला चावा जास्त धोक्याचा, कारण तिथे मज्जातंतू दाट असतात आणि चेहऱ्यापासून मेंदू तर अगदी जवळ.

विषाणू मेंदूत पोहोचण्याआधी उपचार पूर्ण झाले तर माणूस वाचतो. एकदा लक्षणं दिसू लागली की जवळपास कुणीच वाचत नाही. सुरुवात तापाने आणि चाव्याच्या जागी मुंग्या येण्याने होते, मग पाणी गिळताना घसा आवळतो, वाऱ्याची झुळूक सोसत नाही, आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत दगावतात.

जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कुत्र्यापासून झालेला रेबीज त्यात ९९ टक्के, आणि बळी पडणाऱ्यांत १५ वर्षांखालची मुलं सुमारे ४० टक्के. भारतात आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये घरोघर पाहणी केली. तिच्या आधारे देशात वर्षाला ५,७०० च्या आसपास मृत्यू होत असावेत असा अंदाज निघाला. याच पाहणीत, जनावर चावलेल्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याने लसच घेतली नव्हती, आणि ज्यांनी सुरू केली त्यातल्या जवळपास निम्म्यांनी ती पूर्ण केली नव्हती. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळत असतानाची ही स्थिती आहे.

पहिली पायरी: धुणं

विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं. म्हणून धुणं हा उपचाराचाच भाग आहे, दवाखान्यात जाण्याआधीची साफसफाई समजून ते उरकू नका. वाहतं पाणी हवं. शेतात असाल तर मोटर सुरू करून पाइपाखाली धरा. लाईट नसेल तर हापसा शोधा, तोही नसेल तर दुसऱ्याला तांब्याने धार धरायला सांगा. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, हंडा-हंडा जपून वापरलेला असतो, हे खरं आहे. तरी या कामासाठी पाणी मागायला लाजू नका. खोल जखमेत पाणी आतपर्यंत जाऊ द्या. दुखेल, रक्त येईल, धुवत राहा. धुऊन झालं की पोव्हिडोन आयोडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) मिळालं तर लावा.

तिखट, चुना, हळद, तेल, झाडपाला यातलं काहीही जखमेवर लावू नका. तिखटाने विषाणू मरत नाही, उलट जखम चिडते आणि डॉक्टरांना सीरम नीट देता येत नाही. पट्टी घट्ट बांधू नका. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा. टाके घालायची घाई करू नका. टाके घालणं अगदी गरजेचंच असेल तर आधी सीरम, मग सैल टाके, हा क्रम डॉक्टरांना ठाऊक असतो; पण एखाद्या ठिकाणी कुणी आधीच सुई-दोरा घेऊन बसलं तर तुम्ही विचारायला हवं.

सातपुड्यातल्या पाड्यांवर भगताकडे जायची रीत आहे, आणि माणूस घाबरलेला असताना तिथला धीर त्याला मोलाचा वाटतो. त्यावर वाद घालत बसू नका. जखम धुऊन आणि पहिलं इंजेक्शन घेऊन मग हवं तिथे जा. अनेक भगत असं सांगितलं तर ऐकतात, आणि त्यांच्या तोंडून 'आधी सुई घे' निघालं तर गावभर पाळलं जातं.

दुसरी पायरी: जखम कोणत्या गटातली

डॉक्टर तीन गट मानतात. जनावराला हात लावला, खाऊ घातलं, अखंड कातडीवरून त्याने चाटलं, हा पहिला गट. यात काही करावं लागत नाही, हात धुतले की झालं. उघड्या कातडीला दात लागले पण रक्त नाही, किंवा रक्त न आलेला बारीक ओरखडा, हा दुसरा गट, लस घ्यायची. कातडी फाटून रक्त आलं, एक असो वा दहा चावे, नखाने रक्त काढलं, फुटलेल्या कातडीवर लाळ पडली, किंवा डोळ्यात-तोंडात लाळ गेली, हा तिसरा गट. लस आणि सीरम दोन्ही. जंगली जनावर चावलं, ओरबाडलं तरी तिसरा गट धरतात. एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉईड यांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्यांना दुसऱ्या गटातल्या जखमेलाही सीरम देतात. त्यामुळे आपली चालू औषधं डॉक्टरांना सांगा.

रक्त आलं की नाही हे कळत नसेल तर जखमेवर थोडं स्पिरिट लावून पाहतात. झोंबलं तर कातडी फुटलेली आहे. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष बघा. मूल चावल्याचं सांगत नाही, कारण 'कुत्र्याला डिवचलं कशाला' म्हणून मार बसेल अशी भीती असते. घरात नियमच करून टाका की कुत्रं, मांजर, माकड लागलं असं सांगणाऱ्या मुलाला कुणी रागवायचं नाही.

तिसरी पायरी: कुठे जायचं आणि काय मागायचं

जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. नवीन गावी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात आशाताईंना दोन प्रश्न विचारून ठेवा: कुत्रं चावल्याची लस जवळ कुठे मिळते, आणि सीरम कुठे मिळतं? या दोन्हींची उत्तरं पुष्कळदा वेगळी असतात. लहान केंद्रात लस असते आणि सीरमसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवतात. चावा रात्रीचा असेल, जखम मोठी असेल, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

केसपेपर काढताना जनावर कोणतं, कधी चावलं, कुठे चावलं हे स्पष्ट सांगा. सगळ्या जखमा दाखवा. पोटरीवर मोठा चावा असतो आणि हातावरचा बारीक ओरखडा विसरला जातो. मग सीरम पोटरीतच जातं आणि हात राहून जातो.

सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडं, विषाणूशी लढणारे रक्तातले घटक. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडं बनवायला शिकवते, पण त्याला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात. या मधल्या काळात विषाणूला जखमेतच अडवायचं काम सीरम करतं. म्हणून ते दंडात किंवा कमरेत देऊन भागत नाही, प्रत्येक जखमेच्या आत आणि कडेने सुई टोचून भरावं लागतं. बोटाच्या टोकाला हे फार दुखतं. तरी द्यायला नाही म्हणू नका. घोड्यापासून बनवलेलं सीरम वजनाच्या प्रत्येक किलोला ४० युनिट आणि माणसाच्या रक्तातलं २० युनिट या हिशेबाने ठरवतात, म्हणून वजन विचारलं जातं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेलं मोनोक्लोनल प्रतिपिंडाचं इंजेक्शनही आता मिळतं. यातलं काहीही चालेल, पण यातलं काहीतरी हवं. पहिल्याच दिवशी मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर लस लगेच सुरू करा आणि लसीच्या पहिल्या डोसपासून ७ दिवसांच्या आत सीरम गाठा. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं बनू लागलेली असतात.

'साहेब, रक्त आलंय, मला सीरम लागेल का?' एवढं एक वाक्य पाठ करून जा. तुमची माय, शेतावरचा सालदार, वर्गातलं मूल, कुणालाही घेऊन गेलात तरी हेच विचारा.

चौथी पायरी: तारखा

पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती अजून घराघरात आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता लस दंडात देतात, लहान बाळाला मांडीत, आणि कमरेत कधीच नाही.

सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत देतात: दोन्ही दंडांवर थोडी थोडी, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८ असे पाच डोस. इथे एक गल्लत हमखास होते. शून्य दिवस म्हणजे पहिली सुई घेतली तो दिवस, चावला तो दिवस नव्हे. पहिली सुई सोमवारी घेतली तर दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी आणि शेवटची पहिल्या सुईपासून चार आठवड्यांनी, सोमवारीच. हे कार्डावर तारखांसकट लिहून घ्या आणि मोबाईलमध्ये कार्डाचा फोटो ठेवा.

नंदुरबारकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं इथेच बिघडतं. दोन डोस गावात होतात आणि टोळी निघून जाते. टोळीसोबत जा, पण कार्ड घेऊन जा. पुढचा डोस गुजरातेत, पश्चिम महाराष्ट्रात, जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात मागा. भुसावळहून गाडी पकडून घरी परतणाऱ्या पाहुण्यांनाही हेच लागू. एखादी तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, शक्य तितक्या लवकर राहिलेला डोस घेऊन पुढे चालू ठेवतात. चावून आठवडे, महिने झाले आणि काहीच घेतलेलं नसेल तर आजच जा. उशीर झाला म्हणून लस नाकारत नाहीत.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हं बाळ, म्हातारी माणसं, सगळ्यांना ही लस देतात. खाण्यापिण्याचं पथ्य नाही. आंबट, मांस, अंडी बंद करायची गरज नाही. मलेरियासाठी क्लोरोक्विन चालू असेल तर मात्र सांगा, त्याने लसीचा असर कमी होऊ शकतो.

कुत्र्यावर लक्ष ठेवायचं ते लस सुरू केल्यावर

'कुत्रं १० दिवस जिवंत राहिलं तर काही नाही' हे अर्धवट ऐकून लोक घरी बसतात. १० दिवसांचा नियम खरा आहे, आणि तो फक्त कुत्रा-मांजराला लागू आहे: लाळेत विषाणू असताना चावलेलं कुत्रं १० दिवसांत आजारी पडून मरतं. पण ते दिवस बघत थांबायचं नसतं, लस सुरू करून बघायचं असतं. कुत्रं धडधाकट राहिलं तर पुढचे डोस कमी करायचे का, हे डॉक्टर ठरवतात. त्याला ठार मारू नका; मेलं तर लक्ष कशावर ठेवणार?

पाळलेल्या कुत्र्याला लस दिली होती असं मालक सांगेल. कार्ड बघा, तारीख बघा, पण आपली लस थांबवू नका. पिल्लू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तीन महिन्यांखालच्या पिल्लाला बहुधा लस झालेलीच नसते, आणि त्याला सगळी मुलं कुशीत घेतात.

पिसाळलेलं कुत्रं नेहमी धावून येतंच असं नाही. काही कुत्री गप्प, कोपऱ्यात पडून असतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो. पाणी पितं म्हणजे पिसाळलेलं नाही, हा समजही चुकीचा. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे.

गाई-म्हशी, माकडं, कोल्हे

शेतकऱ्यांना हा भाग मुद्दाम सांगायचा आहे. गाय किंवा म्हैस खात नाही, लाळ गळते, सारखी हंबरते, घशात काही अडकल्यासारखं करते. गावात अशा वेळी लगेच कुणीतरी तोंडात हात घालून बघतं. आधी आठवा: गेल्या काही महिन्यांत तिला कुत्रं किंवा कोल्हा चावला होता का, गोठ्यात कुणी पिसाळलेलं जनावर शिरलं होतं का? शंका असेल तर हात घालू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. हात घालून झाला असेल आणि हातावर चिरा असतील (कापूस वेचणाऱ्याच्या, ऊस तोडणाऱ्याच्या हाताला त्या असतातच) तर तो तिसरा गट समजा. अशा जनावराचं दूध पिऊ नका. आधी उकळून प्यालेल्या दुधाने रेबीज होत नाही, त्यामुळे अख्ख्या गल्लीने रांग लावायची गरज नाही. जे जनावराच्या लाळेजवळ गेले त्यांनी मात्र नक्की जावं. जनावर मेलं तर कातडं काढू नका, खोल खड्ड्यात पुरा. ज्या गुराला कुत्रं चावलं आहे आणि जे अजून धडधाकट आहे, त्याचीही जखम धुवा. त्यालाही लसीचा क्रम देता येतो, डॉक्टरांना लगेच बोलवा.

अजिंठ्याकडे आणि सातपुड्यातल्या देवस्थानांकडे जाताना माकडांना हातातून खाऊ देऊ नका, पिशवी हिसकली तर सोडून द्या. ओरबाडलं तर जंगली जनावर म्हणून तिसरा गट धरून उपचार घ्या. उसात, केळीत कोल्हा दिवसाढवळ्या माणसाच्या अंगावर आला तर तो आजारी असण्याची शक्यता मोठी. मुंगुसाचंही तसंच. घरातला उंदीर, खार, ससा चावला तर रेबीजची लस सहसा लागत नाही, धनुर्वाताची मात्र लागू शकते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा चावला तर डॉक्टरांना दाखवा. सस्तन प्राणी कोणताही असो, रेबीज होऊ शकतो.

चावा टाळायचा तर

कुत्रं अंगावर आलं की पळू नका. उभे राहा, हात अंगाशी घ्या, डोळ्याला डोळा भिडवू नका, हळूहळू मागे सरा. मोटारसायकलमागे लागलं तर वेग वाढवण्याऐवजी कमी करा. व्यालेल्या कुत्रीच्या, खात असलेल्या किंवा झोपलेल्या कुत्र्याच्या जवळ मुलांना जाऊ देऊ नका. भाद्रपदापासून पुढे कुत्री टोळीने फिरतात, त्या दिवसांत पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी काठी सोबत ठेवावी. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्या दिंड्या उन्हामुळे रात्रीच चालतात, धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंभ्याचे भाविक अंधारात डोंगर चढतात; दोन्हीकडे टॉर्च असावी, मागे एकटं कुणी राहू नये, आणि दिंडीच्या सामानात साबणाच्या दोन वड्या नि पोव्हिडोन आयोडीनची बाटली असावी.

आधीच लस कुणी घ्यावी

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळच्या परिसरात महिनोन्महिने राहणार असाल, तर चावण्याआधीची लस घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. वनरक्षक, पशुवैद्यक, कुत्री पकडणारे कर्मचारी यांनी तर घ्यावीच. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी असे तीन डोस. याचा मोठा फायदा असा, की नंतर जनावर चावलं तर ० आणि ३ व्या दिवशी फक्त दोन डोस लागतात, आणि सीरम लागत नाही. पाड्यावरून मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचायलाच जिथे अर्धा दिवस जातो, तिथे सीरम न लागणं म्हणजे फार मोठी सोय. जखम धुणं आणि ते दोन डोस तरीही चुकवायचे नाहीत.

ज्यांनी चावल्यानंतरचा पूर्ण क्रम घेतला आहे त्यांनाही हाच नियम लागतो. म्हणून कार्ड फेकू नका. रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ते ठेवा आणि पुढच्या वेळी केसपेपरसोबत दाखवा.